घाटात गाडी अचानक ताकद सोडते तेव्हा: टर्बोच्या ओव्हरबूस्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आम्ही टर्बो गाड्यांचं काम करतो. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी असे घाट जवळ असल्यामुळे एक तक्रार आम्ही सतत ऐकतो: "सपाटीला मस्त चालते, घाटात लोड आला की एकदम मरते. बंद करून चालू केली की परत ठीक." स्कॅनर लावला की पुष्कळदा पी०२३४ हा कोड निघतो, म्हणजे ओव्हरबूस्ट. मग जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. या विषयातल्या चुकीच्या सल्ल्याने चांगली इंजिनं वाया गेलेली पाहिली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ओव्हरबूस्ट म्हणजे नक्की काय?

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक पंखा फिरवतो, आणि त्याच वेगाने फिरणारा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं, त्याने धूर वाढतो, धुराने टर्बो आणखी जोरात फिरतो आणि आणखी हवा आत ढकलतो. हे चक्र बाहेरून कुणी तोडलं नाही तर ते स्वतःहून थांबत नाही.

म्हणून गाडीचा कॉम्प्युटर दर क्षणी ठरवतो की आत ढकललेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, आत्ता किती असावा. प्रत्यक्ष दाब त्यापेक्षा बराच वर गेला आणि तिथेच राहिला, तर तो ओव्हरबूस्ट. गिअर टाकल्यावर काटा क्षणभर वर उडून खाली येतो, ते यात धरू नका. काही कंपन्यांनी हाच शब्द चांगल्या अर्थानेही वापरला आहे: युरोपातल्या फोर्ड फिएस्टा एसटीला पूर्ण रेस दिल्यावर जास्तीत जास्त २० सेकंद जादा ताकद मिळायची. ती मोजूनमापून दिलेली सवलत आहे, बिघाड नव्हे.

मग गाडी मरते का? टर्बो गेला का?

बहुतेक वेळा टर्बो गेलेला नसतो. दाब मर्यादेबाहेर गेलेला दिसला की कॉम्प्युटर इंधन कमी करतो, बूस्ट खाली आणतो आणि गाडीला लिम्प मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर चालवायच्या अवस्थेत टाकतो. तुम्हाला जाणवतो तो बिघाड नसून त्या बिघाडापासून केलेला बचाव असतो. चावी बंद करून चालू केल्यावर तो बचाव अनेक गाड्यांत मागे घेतला जातो, म्हणून 'परत ठीक' वाटतं. मूळ दोष मात्र तसाच असतो.

लोकांची ही गल्लत फार जुनी आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी आली. तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५ असं उंच होतं, म्हणून नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटणं) टाळायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारलं जायचं. मिश्रण संपलं की एक झडप बूस्ट कमी करायची. मालक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार घेऊन जायचे. शेवटी अनेक गाड्यांचे टर्बोच काढून टाकले गेले. इंजिन वाचवणारी झडप आपलं काम चोख करत होती, आणि दोष तिच्यावर आला.

बूस्ट थोडा जास्त गेला तर एवढं काय होतं?

पेट्रोल आणि डिझेल यांची उत्तरं वेगळी आहेत.

पेट्रोलमध्ये धोका तातडीचा. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा २.२ पट दाबली तर टर्बोतून बाहेर पडताना ती साधारण १४० अंशांवर असते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण त्याच्याही आवाक्याला सीमा आहे. इतकी गरम आणि दाट हवा सिलिंडरमध्ये गेली की प्लगने पेटवलेली ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं. त्यात इंजेक्टर आधीच पूर्ण उघडे असतील तर वाढलेल्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळत नाही, ज्वलन आणखी तापतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. या सगळ्याला काही सेकंद पुरतात.

डिझेलमध्ये इंधन कॉम्प्युटर मोजून देतो, त्यामुळे नुसती हवा वाढली म्हणून लगेच इंजिन फुटत नाही. पण डिझेल इंजिन आत आलेली हवा सोळा-अठरा पट आक्रसतं, म्हणजे सुरुवातीचा दाब जेवढ्या पटीत वाढला तेवढ्याच पटीत शेवटचा दाबही वाढतो. तो कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केट सोसतात. आणि टर्बो स्वतः ठरलेल्या वेगापलीकडे फिरतो. बेअरिंग झिजतात, सील तेल सोडू लागतं. ते तेल पुढे कुठे जातं, ते खाली एका प्रश्नात सांगितलं आहे. तो भाग कृपया वगळू नका.

माझ्या गाडीत बूस्ट कोण आवरतं?

दोन पद्धती आहेत, आणि तुमची कुठली ते माहीत असल्याशिवाय दोष शोधायला सुरुवात करू नये.

पहिली वेस्टगेट. टर्बिनच्या, म्हणजे धुराने फिरणाऱ्या पंख्याच्या, शेजारी एक छोटं दार असतं. दाब ठरल्याइतका झाला की ते उघडतं आणि उरलेला धूर पंख्याला न लागता सरळ सायलेन्सरकडे जातो. दार उघडणारा गोल डबा म्हणजे ॲक्च्युएटर. साध्या रचनेत त्याच्या आत एक स्प्रिंग आणि पडदा असतो, आणि टर्बोच्या थंड बाजूकडून आलेला बारीक पाईप त्या पडद्यावर दाब टाकतो. नव्या पेट्रोल टर्बो गाड्यांत अनेकदा याच कामाला छोटी इलेक्ट्रिक मोटर असते.

दुसरी व्हीजीटी, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो. इथे दार नसतं. टर्बिनभोवती गोलात फिरत्या पात्या असतात. पात्या मिटल्या की धुराची वाट अरुंद होते, तो वेगाने पंख्यावर आदळतो आणि कमी आरपीएमलाही बूस्ट मिळतो. पात्या उघडल्या की बूस्ट उतरतो.

आपल्याकडे सगळ्यांना परिचित असलेलं १.३ मल्टिजेट, म्हणजे १२४८ सीसीचं डिझेल, दोन्ही रूपांत आलं. हे इंजिन रांजणगावच्या कारखान्यातही बनायचं. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा यांतल्या ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला वेस्टगेटवाला टर्बो होता, तर लिनिया, एर्टिगा, सियाझ यांतल्या ९० अश्वशक्तीच्या इंजिनाला व्हीजीटी. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर २०२० मध्ये ते बंद झालं, पण रस्त्यावर आणि आमच्या पिटवर अजून भरपूर आहे. एकच इंजिन, पण ओव्हरबूस्टची कारणं जवळजवळ उलटी.

पाईप फाटला तर हवा गळेल, बूस्ट कमी होईल. जास्त कसा होईल?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथेच निम्म्या गाड्यांचं निदान चुकतं.

जाड पाईप, म्हणजे टर्बोपासून इंटरकूलर आणि पुढे इंजिनापर्यंतचा, फाटला तर तुमचं म्हणणं बरोबर. बूस्ट कमी होतो, काळा धूर येतो, फुस्स आवाज येतो. कोड बहुधा पी०२९९ येतो, अंडरबूस्टचा.

पण वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला जाणारा पेन्सिलएवढा बारीक पाईप फाटला, निसटला किंवा पिचला, तर ॲक्च्युएटरला 'दाब वाढला' ही खबरच पोचत नाही. तो दार मिटूनच ठेवतो आणि सगळा धूर टर्बिनवर जातो. पन्नास-शंभर रुपयांच्या रबरामुळे अख्खं इंजिन धोक्यात येतं. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येणारे उंदीर नेमके हेच पाईप कुरतडतात. गाडी चार दिवस उभी राहिली आणि नंतर हा कोड आला, तर आम्ही आधी तिथेच बघतो.

व्हॅक्युमवर चालणाऱ्या व्हीजीटीत उलट. तिथे बहुतेक गाड्यांत व्हॅक्युम पात्या मिटवतो. बारीक पाईप फाटला तर पात्या उघड्या राहतात आणि गाडी मरगळते, इंजिन मात्र सुरक्षित राहतं. तिथे ओव्हरबूस्ट आला तर दोन गोष्टी बघायच्या: पात्या काजळीने अडकल्या आहेत का, आणि व्हॅक्युम सोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, नीट श्वास घेतोय का. त्या सोलेनॉइडला बाहेरची हवा घ्यायला इवलासा फिल्टर असतो. तो धुळीने बुजला की व्हॅक्युम वेळेवर सुटत नाही, पात्या उशिरा उघडतात आणि तेवढ्यात दाब वर गेलेला असतो. चांगला टर्बो केवळ या फिल्टरपायी बदलला जाऊ नये, म्हणून तो तपासला का, एवढं तरी मिस्त्रीला जरूर विचारा.

पात्या अडकतात कशाने?

काजळीने. रोज दोन-तीन किलोमीटर शाळा-बाजार, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद, कायम कमी आरपीएम: अशा गाडीत पात्या एकाच जागी राहतात आणि त्यांच्या खाचेत काजळी बसते. मग महिन्याने महाबळेश्वरला निघालात, पसरणीत तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली, पात्या मिटल्या आणि उघडताना अडखळल्या. गळका इंजेक्टर, खराब ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), तेल खाणारं इंजिन यांनी काजळी आणखी वाढते, म्हणून पात्या साफ करून ही कारणं तशीच सोडली तर सहा महिन्यांत गाडी परत येते.

उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं जरा वरच्या आरपीएमवर चालवा, म्हणजे पात्या पूर्ण फिरतात. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला आणि वेळेवर बदला.

अडकलेल्या पात्यांवर स्प्रे मारून कधी कधी सुटका होते, पण ती टिकेल असं मी कुणाला सांगत नाही. खरं काम म्हणजे टर्बो उतरवून गरम बाजू उघडणं, आधी खुणा करून ठेवणं, पात्या आणि त्यांची कडी हाताने साफ करणं. तिथे एक बारीक स्टॉप स्क्रू असतो. पात्या कुठवर मिटाव्यात हे तो ठरवतो आणि कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून तो लावलेला असतो. त्याला पाना लावू देऊ नका.

घरच्या घरी काय तपासता येईल?

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि ॲक्च्युएटरपासून निघालेला प्रत्येक बारीक पाईप बोटाने शेवटापर्यंत चाचपा. भेग, कडकपणा, तेलाने फुगलेलं टोक, सैल बसलेलं टोक. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त सापडतं.

व्हॅक्युमवाली व्हीजीटी असेल तर एकाला गाडी चालू करायला सांगा आणि तुम्ही ॲक्च्युएटरचा रॉड बघा. बहुतेक गाड्यांत चालू होताच तो सेंटिमीटरभर ओढला जातो आणि बंद केल्यावर सरळ परत येतो. अडखळत, टप्प्याटप्प्याने आला तर पात्या घासतायत. आमच्याकडे हाच तपास हातपंपाने करतात: व्हॅक्युम द्यायचा, रॉड सरकतो का बघायचं, काटा मिनिटभर स्थिर राहतो का बघायचं. काटा उतरला तर डब्याचा पडदा फाटला. हात मात्र सांभाळा, टर्बो तापलेला असेल तर क्षणात भाजतं.

मोबाइलवर दिसणारे आकडे कसे वाचायचे?

गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर लावायच्या जागेला, ॲडॅप्टर लावला की हे आकडे ॲपवर दिसतात. चावी ऑन, इंजिन बंद. मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला, दाब आपल्या गावच्या हवेइतका दिसला पाहिजे: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. इथेच दहा-पंधराचा फरक असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, टर्बो खोलू नका. तेलकट काजळी बसलेला सेन्सर काढून स्वच्छ केल्यावर कोड गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मग चढावर, शेजारी बसलेल्या माणसाने नोंद करत, मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी बघा. प्रत्यक्ष दाब क्षणभर उसळून खाली आला तर नियंत्रण मंद आहे: सोलेनॉइड, फिल्टर, घासणाऱ्या पात्या. वर जाऊन तिथेच बसला तर काहीतरी अडकलंय किंवा बारीक पाईप गेलाय. आरपीएमबरोबर हळूहळू चढतच राहिला तर वेस्टगेटचं दार अपुरं पडतंय.

साध्या ॲपची एक अडचण ध्यानात ठेवा. ओबीडीमधला दाबाचा सर्वसाधारण आकडा २५५ किलोपास्कलच्या वर दाखवताच येत नाही. दाब २७० असला तरी पडद्यावर २५५ ची सरळ रेघ दिसेल आणि तुम्हाला वाटेल सगळं स्थिर आहे. अशी रेघ दिसली तर कंपनीचे खास आकडे वाचणारा स्कॅनर लावा.

पिकअपसाठी ॲक्च्युएटरचा रॉड थोडा कसून देतात. करू का?

नाही. रॉड आखूड केला की दार जास्त घट्ट बसतं आणि उशिरा उघडतं. गाडी दोन दिवस जोरात वाटते. आमच्याकडे एक डिझेल हॅचबॅक आली होती, तिचा रॉड आधी कुणीतरी असा कसला होता आणि वर कोड येतो म्हणून सेन्सरच्या वायरमध्ये रेझिस्टर घातला होता, जेणेकरून कॉम्प्युटरला दाब कमी दिसावा. पहारेकऱ्याचे डोळे बांधून दरवाजा उघडा टाकला होता. इंजिन खोललं तेव्हा एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याने फक्त 'पिकअप कमी आहे' एवढं सांगितलं होतं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

रिमॅप आणि ट्यूनिंग बॉक्सचं काय?

दोन्हींत फरक आहे. स्वस्त बॉक्स बहुतेक वेळा वरच्या रेझिस्टरचंच काम जरा सफाईने करतो: सेन्सरचा आकडा बदलून कॉम्प्युटरला फसवतो. तो मी कुणाच्याही गाडीला लावणार नाही. रिमॅप म्हणजे कॉम्प्युटरचा मूळ प्रोग्रॅमच बदलणं. तो करणारा जाणकार असेल तर तो बूस्टसोबत इंधन, टायमिंग आणि संरक्षणाच्या मर्यादाही बदलतो. त्याला एकच प्रश्न विचारा: ओव्हरबूस्टची मर्यादा कितीवर ठेवली? 'ती काढून टाकली, आता कोड येणार नाही' असं उत्तर आलं तर चावी घेऊन निघा. हाय-ऑक्टेन पेट्रोल धरून बनवलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवणंही तितकंच घातक.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीची नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळेल असा बदल मालकाला करता येत नाही. विम्याच्या दाव्यातही असे बदल आड येऊ शकतात.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला तर ओव्हरबूस्ट थांबेल ना?

थांबणार नाही. पेट्रोल गाडीत रेस सोडल्यावर थ्रॉटल मिटतो, तेव्हा अडकलेली हवा बाहेर काढायला तो असतो. पूर्ण रेस दिलेली असताना तो बंद असतो, आणि ओव्हरबूस्ट नेमका तेव्हाच होतो. दाब जास्त झाल्यावर उघडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह वेगळा. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली असे व्हॉल्व्ह सक्तीचे केले होते, मर्यादा ४ बार. १९८८ मध्ये ती २.५ वर आणली आणि १९८९ पासून टर्बोच बंद केले.

फ्री-फ्लो एक्झॉस्ट लावल्यापासून बूस्ट वाढलाय.

वाढणारच. टर्बोच्या मागचा अडथळा गेला, टर्बिन हलकं फिरू लागलं, आणि कारखान्याने दिलेलं वेस्टगेटचं दार तेवढा धूर बाजूला काढायला पुरत नाही. मूळ एक्झॉस्ट परत लावा.

लडाखला नेतोय. तिथे हवा विरळ, म्हणजे ओव्हरबूस्टची भीती नाही ना?

इंजिनाला कमी, टर्बोला जास्त. लेहला हवेचा दाब सुमारे ०.६६ बार. इंजिनात २.२ बार हवा पाहिजे असेल तर मुंबईत टर्बोला ती २.२ पट दाबावी लागते, लेहला ३.३ पट. त्यासाठी त्याला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागेल. मूळ प्रोग्रॅममध्ये उंचीप्रमाणे मागणी कमी केलेली असते, म्हणून तिथे गाडी थोडी मंद वाटते आणि ते योग्यच आहे. रिमॅप केलेल्या गाडीत ही वजावट शाबूत आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या. दाबाचा काटा सगळं ठीक दाखवत असताना टर्बोचा वेग मर्यादेबाहेर असू शकतो.

घाटात मध्येच लिम्प मोड आला तर?

रेसवरून पाय उचला, वळणावर थांबू नका, खालच्या गिअरमध्ये सावकाश मोकळ्या जागेपर्यंत जा. मिनिटभर थांबून बंद-चालू एकदा केलं तर हरकत नाही, पुढे मात्र हलक्या पायाने चालवा. कोड गॅरेजमध्ये पोचेपर्यंत पुसू नका. त्याच्यासोबत त्या क्षणीचे आरपीएम, लोड आणि दाब साठवलेले असतात आणि तपासाचं निम्मं काम तेच करतात.

डिझेल इंजिन आपोआप रेस होऊन थांबतच नाही, असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. टर्बोचं सील फुटलं की इंजिनचं तेल हवेच्या पाईपातून सिलिंडरमध्ये जातं आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं. चावी बंद केली तरी उपयोग नाही, कारण इंजिन डिझेलवर चालतच नसतं. मागे दाट निळसर-पांढरा धूर आणि चढत जाणारा आवाज. हाताने बदलायचा गिअर असेल तर पूर्ण ब्रेक दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल किंवा हे जमलं नाही, तर गाडी थांबवा, सगळ्यांना उतरवा आणि लांब उभे राहा. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड ठेवायला जाऊ नका. बॉनेट उघडून वाकून बघू नका.

जुनी टर्बो डिझेल घेताना ओव्हरबूस्टचा दोष कसा ओळखायचा?

इंजिन गरम करून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन बघा, सपाटीवरच्या चकरेत हा दोष दिसत नाही. स्कॅनरवर कोड शून्य असतील तर 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडाही बघा. पन्नास-साठच निघाला तर विक्रेत्याला कारण विचारा. ॲक्च्युएटरच्या नटावरची कारखान्याची रंगाची खूण तुटलेली आहे का ते टॉर्च मारून बघा.